देवस्थानच्या कार्यालयातला विंडोज संगणक: आधी फाईल सांभाळा, मग बटणं शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानच्या कार्यालयात एकच डेस्कटॉप आहे. त्यात विंडोज ११, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी. अभिषेकाच्या पावत्या, महाजनांची (म्हणजे देवस्थानच्या सभासदांची) यादी, वर्षाचा हिशेब, जत्रेच्या पत्रिका, सगळं त्याच्यावर. तीन-चार जण आळीपाळीनं बसतात. करंट गेला की केलेलं काम जातं, काल ठेवलेली फाईल आज सापडत नाही, जुन्या मराठी सूचना उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, पावती भलत्याच प्रिंटरकडे जाते. शिवाय सगळं माऊसनं करावं लागत असल्यानं खिडकीवर रांग लागते. 'विंडोज वापरायच्या चार सोप्या युक्त्या सांगा,' असं कार्यालयातल्या ताईंनी विचारलंय.

ताई, युक्त्या सांगतो, पण क्रम माझा. कीबोर्डच्या युक्तीनं दर पावतीमागे पाच सेकंद वाचतात. महाजनांच्या यादीवर कुणी चुकून जुनी यादी सेव्ह केली तर पंधरा दिवस जातात. अनेक हात लागणाऱ्या संगणकावर आधी काम वाचवायच्या गोष्टी करायच्या, वेळ वाचवायच्या नंतर.

'फाईल सापडत नाही' यामागे बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. पहिलं म्हणजे वेगवेगळी खाती. संगणकावर तीन नावांनी लॉगिन होत असेल तर डेस्कटॉपही तीन असतात. सकाळच्या माणसानं त्याच्या डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल दुपारच्या माणसाला दिसणारच नाही. हा बिघाड नव्हे, विंडोजची रचनाच तशी आहे. सगळ्यांना लागणाऱ्या फाईलसाठी सी ड्राइव्हमध्ये 'यूझर्स', त्यात 'पब्लिक', त्यात 'पब्लिक डॉक्युमेंट्स' हे फोल्डर आधीपासून असतं. तिथे 'देवस्थान' नावाचं फोल्डर करा. मग प्रत्येकानं आपापल्या खात्यातून त्यावर राइट क्लिक करून ते 'पिन टू क्विक ॲक्सेस' करून ठेवायचं. फाईल एक्सप्लोररमध्ये डाव्या बाजूला ते कायम दिसत राहील.

याच रचनेतून दुसरी कटकट निघते. आधीच्या माणसानं साइन आउट न करता नुसतं खातं बदललं तर त्याची एक्सेल मागे उघडीच राहते. पुढच्याला तीच फाईल 'रीड ओन्ली' म्हणून मिळते, तो वैतागून नवीन नावानं सेव्ह करतो, आणि आठवड्याभरात 'यादी', 'यादी नवीन', 'यादी नवीन फायनल' अशी भावंडं तयार होतात. पाळी संपली की साइन आउट, हा नियम भिंतीवर लावा.

दुसरं कारण वनड्राइव्ह, म्हणजे फाईली इंटरनेटवर ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं बऱ्याचदा वनड्राइव्हच्या ताब्यात जातात. ओळखायचं असं: फाईलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', त्यात 'लोकेशन' बघा. वाटेत वनड्राइव्ह हा शब्द असेल तर ती तिकडे आहे. फाईलजवळ निळा ढग दिसला तर ती फक्त इंटरनेटवर आहे, नेट नसताना उघडणार नाही. भरीव हिरव्या गोलात पांढरी खूण म्हणजे संगणकावर कायम ठेवलेली. त्यासाठी फाईलवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करायचं.

फुकटच्या खात्यात जागा ५ जीबी. जत्रेचे फोटो एकदा टाकले की संपली. भरल्यावर वर चढवणं थांबतं, आणि सगळं सुरक्षित आहे या समजुतीत तुम्ही राहता. वनड्राइव्हमधली फाईल एका ठिकाणी पुसली की सगळीकडून जाते. वेबवरच्या त्याच्या कचरापेटीत ती वैयक्तिक खात्याला ३० दिवस मिळते. या फोल्डरांचा वनड्राइव्हवरचा बॅकअप बंद केल्यावर कधी कधी डेस्कटॉप एकदम रिकामा दिसतो. घाबरू नका, फाईली वनड्राइव्ह फोल्डरच्या आतल्या 'डेस्कटॉप'मध्ये असतात, तिथून उचलून आणायच्या. माझं मत विचाराल तर देवस्थानच्या नोंदी कुणा एकाच्या वैयक्तिक वनड्राइव्हवर नकोत. तो माणूस समितीतून गेला की नोंदीही गेल्या.

फाईलचं नाव तारखेनं सुरू करा, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी: २०२५-१०-१२ पावत्या. मग नावानं लावल्या तरी आपोआप कालक्रमानं लागतात. तारखेत तिरकी रेघ चालत नाही, विंडोज नाव घेणारच नाही. तसंच विसर्गासारखे दोन ठिपके, प्रश्नचिन्ह, तारा, अवतरणचिन्ह आणि उभी रेघही चालत नाही. अंक इंग्रजी (1, 2, 3) ठेवा किंवा देवनागरी, पण दोन्ही मिसळू नका, क्रम बिघडतो. सरकारी पोर्टलवर चढवायचा जमिनीचा एक-चौदाचा उतारा किंवा घरपट्टीची पावती असेल तर फाईलचं नाव रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवलेलं बरं.

आता नाव बदलण्याची सोय. फाईल निवडून एफ२ दाबा, नाव लिहा आणि एंटरऐवजी टॅब दाबा. पुढच्या फाईलचं नाव बदलायला तयार होतं. स्कॅन केलेल्या चाळीस पावत्यांना नावं देताना याचं मोल कळतं. आणि माऊस घसरून फोल्डर भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडलं, हे रोजचं दुखणं. तेव्हा शोधाशोध न करता लगेच कंट्रोल+झेड. एक्सप्लोररमध्येही ते चालतं: हलवलेलं परत येतं, बदललेलं नाव परत येतं, पुसलेलंही परत येतं. पेन ड्राइव्हवरून पुसलेलं मात्र येत नाही, कारण ते रिसायकल बिनमध्ये जातच नाही. शिफ्ट+डिलीटनं पुसलेल्याचंही तेच.

रोजच्या फाईली शोधूच नका. खाली टास्कबारवर एक्सेलच्या चिन्हावर राइट क्लिक केलं की अलीकडच्या फाईलींची यादी वर येते. त्यातल्या पावतीपुस्तकावर आणि महाजन यादीवर पिनेची खूण दाबून ठेवा. त्या यादीच्या माथ्यावर कायम राहतील.

बॅकअपसाठी दोन बाहेरच्या ड्राइव्ह घ्या. 'अ' आणि 'ब' असं मार्करनं लिहा. एका आठवड्यात अ, दुसऱ्यात ब, आणि जी वापरात नाही ती कार्यालयात न ठेवता दुसऱ्या इमारतीत. विंडोजमधली 'फाईल हिस्टरी' हे काम आपोआप, ठरवून न दिल्यास दर तासाला करते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. पण ती पाहते फक्त डेस्कटॉप आणि विंडोजच्या 'लायब्ररी' नावाच्या यादीत जोडलेली फोल्डरं. तुमचं पब्लिकमधलं फोल्डर आधी 'इन्क्लूड इन लायब्ररी' करून जोडावं लागतं, नाहीतर सगळा बॅकअप होतो आणि नेमकी महाजन यादी राहते. महिन्यातून एकदा ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून एक फाईल उघडून पाहा.

करंटचं आता. वर्ड आणि एक्सेल दर १० मिनिटांनी एक सुटकेची प्रत ठेवतात. 'फाईल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे तो आकडा २ करा. ही प्रत संगणक अचानक बंद पडला तरच उपयोगी. तुम्ही स्वतः 'डोन्ट सेव्ह' म्हटलंत तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. नवीन फाईल उघडल्याबरोबर, एक ओळ लिहायच्या आधी, कंट्रोल+एस करून तिला नाव द्या. नाव नसलेल्या फाईलीच सगळ्यात जास्त हरवतात.

साध्या डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस नवी बॅटरी असताना १० ते १५ मिनिटं देतो. आतली बॅटरी बहुतेक १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची असते आणि दोन-तीन वर्षांत थकते. थकली की हिरवा दिवा तसाच लागतो, पण करंट गेल्याबरोबर संगणक बंद. म्हणून तीन महिन्यांनी एकदा सगळं सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटंही टिकत नसेल तर बॅटरी बदला, यूपीएस नवा घ्यायची गरज नसते. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच लावू नका. त्याचा तापणारा भाग सुरू होताना इतका भार ओढतो की यूपीएस तिथेच मान टाकतो. इंटरनेटचा राउटर मात्र लावा, त्याला लागतं थोडंच. यूपीएसला यूएसबीची केबल असेल तर ती संगणकाला जोडा. विंडोजला तो बॅटरीसारखा दिसतो, आणि बॅटरी संपत आल्यावर संगणक आपोआप नीट बंद करायला सांगता येतं. स्वस्त यूपीएसला ही सोय बहुधा नसते, घेताना विचारा.

मे अखेरीला आणि दसऱ्याच्या सुमारास दुपारनंतर गडगडायला लागलं की प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटरपासून येणारी लॅनची केबलही काढायची. इंटरनेट फायबरचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फायबर काचेची असली तरी राउटरचा अडॅप्टर आणि लॅनची केबल धातूचीच आहे, वीज त्या वाटेनं येते.

करंटशी जोडलेला एक गैरसमज. 'रोज रात्री बंद करतो, तरी संगणक अडखळतो,' असं लोक म्हणतात. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हे. आतला गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठतो. कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स', 'सीपीयू' आणि खाली 'अप टाइम' बघा. रोज बंद करूनही तिथे बारा-पंधरा दिवस दिसतील. उपाय सोपा आहे, आठवड्यातून दोनदा 'रीस्टार्ट' करा. रीस्टार्टनं सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. शिफ्ट धरून 'शट डाउन' केलं तरी चालतं.

मराठीच्या चिवड्याकडे वळतो, कारण गोव्यातल्या देवस्थानांत, शाळांत, वाचनालयांत हे दुखणं घरोघरी आहे. तुमच्या जुन्या सूचना श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी, शिवाजी अशा घराण्यातल्या फाँटांत टाईप केलेल्या असणार. त्या फाँटांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्याचं चित्र मराठी काढलेलं असतं. फाँट नसलेल्या संगणकावर चित्र जातं आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, म्हणून तो मोबाईलवरही दिसतो.

आधी वर्डमध्ये तो मजकूर निवडून फाँटच्या चौकटीत नाव काय दिसतं ते लिहून घ्या. त्यावर सगळं अवलंबून आहे. नुसतं वाचायचं असेल तर तोच फाँट मिळवून बसवा, काम झालं. मजकूर पुढे वापरायचा असेल तर युनिकोडमध्ये बदलावा लागतो, आणि बदलणारं साधन त्याच फाँटघराण्याचं हवं. श्रीलिपीचं साधन डीव्हीबी-टीटीला लावलं तर एका चिवड्याचा दुसरा चिवडा होतो. मूळ फाईल हात न लावता ठेवा, प्रतीवर काम करा. मजकुरात मधेच खरे इंग्रजी शब्द असतील तर ते आधी बाजूला काढा. साधनाला खरं इंग्रजी आणि खोटं इंग्रजी यातला फरक कळत नाही, ते त्याचंही मराठी करून ठेवतं. बदलून झालं की रफार, 'ज्ञ', 'ऱ्या', अनुस्वार आणि ऱ्हस्व वेलांटी एवढ्या जागा डोळ्यांखालून घाला. चुका तिथेच राहतात.

महाजन यादी युनिकोडमध्ये आणायला सगळ्यात आधी घ्या. जुन्या फाँटातली यादी एक्सेलमध्ये अकारविल्हे लावली तर ती आतल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लागते, म्हणून कामत कुठे, गावडे कुठे, नाईक कुठे. युनिकोडमध्ये क्रम बरोबर लागतो आणि कंट्रोल+एफनं नावही सापडतं.

पुढचं टाईपिंग थेट युनिकोडमध्येच करा. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. 'सेटिंग्ज', 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज अँड रीजन', 'ॲड अ लँग्वेज', मराठी. बसवताना मराठीला विंडोजची दर्शनी भाषा करायची खूण असेल तर ती काढा, नाहीतर सगळे मेनू मराठी होतात आणि मी वर लिहिलेले रस्ते तुम्हाला सापडणार नाहीत. मराठीपुढच्या तीन ठिपक्यांतून 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये गेलं की कीबोर्ड निवडता येतो. नुसता 'मराठी' म्हणजे इन्स्क्रिप्ट, भारतीय भाषांसाठी ठरलेली अक्षरांची मांडणी, आणि दुसरा 'मराठी फोनेटिक', ज्यात रोमनमध्ये नमस्कार लिहिला की देवनागरीत उमटतो. फोनेटिक विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासून आत आहे. कोंकणी यादीत वेगळी मिळते, तीही जोडून ठेवा.

कधीमधी लिहिणाऱ्याला फोनेटिक पुरे. रोज पत्रं लिहिणाऱ्यानं इन्स्क्रिप्ट शिकावा, असं माझं ठाम मत आहे. तो दिसतो तितका अवघड नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. केवर क, शिफ्टसकट ख. आयवर ग, शिफ्टसकट घ. एलवर त, शिफ्टसकट थ. ओवर द, शिफ्टसकट ध. डी म्हणजे पाय मोडणं. 'ळ' शिफ्ट+एन. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' लोकांना छळतो. तो असा: शिफ्ट+जे, डी, तिरकी रेघ, ई. आकड्यांच्या रांगेत शिफ्ट+५ ला ज्ञ, ६ ला त्र, ७ ला क्ष, ८ ला श्र. रोज अर्धा तास दिला तर पंधरा दिवसांत कीबोर्डकडे बघणं कमी होतं.

भाषा बदलायला विंडोज+स्पेस. आणि हे लक्षात ठेवा: लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड बरोबर असूनही घेत नसेल तर खाली उजव्या कोपऱ्यात भाषा बघा. तिथे मराठी राहिलेली असते. रुपयाच्या खुणेसाठी 'इंग्लिश इंडिया' कीबोर्ड जोडा आणि उजवीकडचं ऑल्ट धरून ४ दाबा, ₹ उमटतो. अमेरिकन इंग्रजी कीबोर्डवर तो उमटत नाही.

फाँटपैकी निर्मला यूआय विंडोजमध्ये असतोच. मंगल, कोकिळा, अपराजिता हे विंडोज १० पासून वैकल्पिक झालेत. मराठी भाषा जोडली की बहुधा आपोआप येतात. नाही आले तर 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' शोधून बसवा. मंगलमध्ये केलेली पत्रिका दुसऱ्या संगणकावर नेल्यावर ओळी का हलतात, याचं उत्तर बहुतेकदा हेच.

'लँग्वेज अँड रीजन'मध्येच 'रीजनल फॉरमॅट' बघा. 'इंग्लिश इंडिया' हवं. अमेरिकन राहिलं असेल तर एक्सेल ०४-०५ ला ५ एप्रिल समजते, तुम्ही ४ मे समजता, आणि हिशेब लेखापरीक्षकाच्या टेबलावर फुटतो. एक्सेलच्या रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या तर डावीकडच्या तारखा नाहीतच, त्या नुसती अक्षरं आहेत. भारतीय फॉरमॅटमुळे रकमाही लाख-कोटींप्रमाणे तुटतात, १,२५,००० अशा.

पावती भलत्या प्रिंटरवर जाते, कारण 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' चालू आहे. शेवटचा वापरलेला प्रिंटरच विंडोज मुख्य धरतं. कुणी पीडीएफ केली की पुढची पावती छापायच्या ऐवजी फाईलचं नाव विचारत बसते. 'सेटिंग्ज', 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस', 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' इथे ते बंद करा आणि पावतीचा प्रिंटर स्वतः 'डीफॉल्ट' करा. करंट जाऊन आल्यावर वायफायवरचा प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवत असेल तर राउटरनं त्याला नवा पत्ता दिलाय आणि विंडोज जुन्याच पत्त्यावर हाका मारतंय. ज्यानं इंटरनेट बसवलं त्याला प्रिंटरचा आयपी पत्ता राउटरमध्ये कायम बांधून द्यायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. छपाई रांगेत अडकली आणि रद्दही होत नसेल तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, 'प्रिंट स्पूलर' थांबवा, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये 'सिस्टम३२', 'स्पूल', 'प्रिंटर्स' इथल्या फाईली पुसा (फोल्डर नव्हे), आणि स्पूलर पुन्हा सुरू करा.

आता बटणं. विंडोज+व्ही आधी शिका. पहिल्यांदा दाबल्यावर 'टर्न ऑन' म्हणा. कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे राहतात, आणि पिन केलेल्या संगणक बंद केला तरी जात नाहीत. 'अभिषेक व महानैवेद्य', 'लघुरुद्र', देवस्थानचा पूर्ण पत्ता, बँकेचा तपशील, एवढं पिन करून ठेवलं की पावतीतलं निम्मं टाईपिंग संपलं. मात्र कॉपी केलेला पासवर्डही त्यात राहतो. मधूनमधून 'क्लिअर ऑल' करा, पिन केलेलं त्यात पुसलं जात नाही.

विंडोज+१, +२, +३ नं टास्कबारवरचा पहिला, दुसरा, तिसरा प्रोग्रॅम उघडतो. सगळ्या खात्यांत क्रम एकच ठेवा: १ पावती, २ एक्सेल, ३ ब्राउझर. विंडोज+डावा बाण आणि विंडोज+उजवा बाण यांनी पडदा अर्धा-अर्धा होतो, एकीकडे यादी, दुसरीकडे पत्र. विंडोज+शिफ्ट+एस नं पडद्याचा हवा तेवढाच तुकडा टिपता येतो, मोबाईलनं पडद्याचे फोटो काढणं बंद करा. वेबवरून किंवा मेलमधून मजकूर घेताना कंट्रोल+शिफ्ट+व्ही नं त्याचा रंग-आकार गळून पडतो. वर्डच्या जुन्या आवृत्तीत हे चालत नाही, तिथे राइट क्लिक करून 'कीप टेक्स्ट ओन्ली'. खिडकी सोडून गाभाऱ्याकडे जाताना विंडोज+एल, दर वेळी. बाकी शॉर्टकटांच्या लांबलचक याद्या फिरतात, त्या पाठ करायच्या भानगडीत पडू नका.

संगणक जड चालत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप ॲप्स' उघडा आणि रोज न लागणारं सगळं 'डिसेबल' करा. पुसलं जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. 'स्टोरेज सेन्स' चालू करा, पण त्यात 'डाउनलोड्स' फोल्डर पुसायचा पर्याय 'नेव्हर' ठेवा, लोक तिथेच महत्त्वाचं ठेवतात. रजिस्ट्री साफ करणारी, रॅम वाढवणारी फुकट सॉफ्टवेअरं नकोतच. अपडेट जत्रेच्या किंवा नवरात्रातल्या मखरोत्सवाच्या दिवसांत आडवं येऊ नये म्हणून आधीच 'पॉज अपडेट्स' करा, पाच आठवड्यांपर्यंत पुढे ढकलता येतं. नंतर मात्र करून टाका. देवस्थानच्या दुसऱ्या कुठल्या संगणकावर अजून विंडोज १० असेल तर त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, बँकेचं काम त्यावर करू नका.

पावसाळ्यात काही दिवस बंद राहिलेला संगणक सुरू करताना नुसता बीप-बीप वाजला आणि पडदा काळा राहिला तर बहुधा रॅमच्या सोनेरी दातांवर ओल आणि गंज बसलाय. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, रॅम काढून दात पेन्सिलीच्या खोडरबरानं हलके घासा, कचरा झटका, दोन्हीकडून 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. वापरात नसला तरी जून ते सप्टेंबर एक-दोन दिवसांनी तासभर चालू ठेवा. धूप-अगरबत्तीचा धूर पंख्यावर चिकट थर धरतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, वाऱ्यानं भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. मागच्या रिकाम्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या लावा, पाली आत जाऊन जीव देतात आणि सोबत पॉवर सप्लायही नेतात. संगणकाची तारीख रोज मागे जात असेल आणि प्रत्येक वेबसाइट असुरक्षित म्हणत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. तो बदलून तारीख बरोबर लावली की वेबसाइटही ताळ्यावर येतात.

एक नवा फसवणुकीचा प्रकार सगळ्यांना सांगून ठेवा. वेबसाइट म्हणते, 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा: विंडोज+आर दाबा, कंट्रोल+व्ही, एंटर.' असं केलं की त्या पानानं गुपचूप कॉपी करून ठेवलेला हुकूम तुमच्याच हातानं चालतो. कुठलीही खरी वेबसाइट हे करायला सांगत नाही. एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', 'शो', 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू ठेवा, म्हणजे 'पावती.पीडीएफ.ईएक्सई' असलं सोंग ओळखता येईल. खात्यातून पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

शेवटची गोष्ट आजच करा. 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' इथे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का ते बघा. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खात्यानं नव्यानं बसवताना ते आपोआप चालू होतं. उद्या मदरबोर्ड बदलला की संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, आणि ती ज्याच्या खात्यानं संगणक सुरू केला त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातच असेल. तो माणूस आता समितीत आहे की नाही, हे आधी बघा. असेल तर त्याच्याकडून की उतरवून घ्या, दोन प्रती छापा, एक तिजोरीत दागिन्यांच्या यादीबरोबर आणि दुसरी खजिनदाराकडे. फोटो काढून त्याच संगणकात ठेवू नका.